डावी वाटी

चढताना काही नसतं.
उतरताना बोलते ती,
धनकवडीच्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत
दुसऱ्याकडून पहिल्याकडे वळताना,
नेमकी पटवेकरांच्या चपलांच्या स्टँडपाशी.
वाटीच्या मागे, आत कुठेतरी.
बोट ठेवून दाखवा म्हटलं
तर बोट फिरत राहतं
पत्ता विसरलेल्या पाहुण्यासारखं.

एक्स-रे काढला टिळक रोडला.
डॉक्टरांनी उजेडाला धरला, म्हणाले, "काही नाहीये."
ते 'काही नाही' मी अकरा महिने
पर्समध्ये घेऊन हिंडले.
नाटकाला कडेची खुर्ची मागायची,
दुसऱ्या अंकात पाय वाटेत लांब करायचा.
ऑफिसात तळच्या कप्प्यातली दस्तांची फाईल
त्या दापोडीच्या मुलाला काढायला लावायची.
"वय झालं, मॅडम" असं तो कधी म्हणाला नाही,
पण त्याचं न म्हणणं ऐकू यायचं.

ह्याच गुडघ्यांवर मी शाळेत
खो-खोच्या रांगेत बसायचे,
टाच उचललेली, बोटं मातीत,
पाठीवर थाप कधी पडते ह्याची वाट बघत.
गुडघे आहेत हे तेव्हा माहीतच नव्हतं.

मिथिला खळदकर माझ्या मुलीच्या वयाची.
वाटीला हात लावायच्या आधी
तिनं कंबर बघितली, घोटा बघितला,
आरशासमोर एका पायावर उभं केलं.
गुडघा आत झुकला,
दोन भांडणाऱ्या जावांमध्ये सापडलेल्या दिरासारखा.
"ह्याची चूक नाही," म्हणाली.
"वरची ढिली, खालचा हेकट, मार मात्र ह्याला."
आणि मग, वही पुढे सरकवत,
"दुखतंय म्हणजे झिजतंयच असं नाही, काकू.
काम झेपेनासं झालंय, म्हणून कुरकुर.
काम काढून नाही घ्यायचं.
मोजून द्यायचं."

मोजून. हिशेबाच्या बाईला पटेल असा शब्द.
एक किलो मूगडाळ, सुती पिशवीत, घोट्याला बांधून
पाय उचलायचा, दहा वेळा.
जेवणाचा पाट भिंतीशी ठेवून त्यावरून उतरायचं,
सावकाश. धाडकन उतरलं तर ते धरायचं नाही.
रोज वहीत आकडा, दहापैकी.
तीनपर्यंत चालेल, सकाळपर्यंत ओसरलं तर.
चार. चार. पाच. चार.
कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी
माझेही खाडे.

सहाव्या आठवड्यात दोन आला
आणि मी शहाणी, रविवारी पर्वती चढले.
एकशे तीन पायऱ्या म्हणतात.
वर जाताना मोजल्या नाहीत.
खाली येताना एकेक मोजली,
कठडा धरून, आडवी, खेकड्यासारखी.
कानटोपीवाले एक आजोबा
"सवय नाही वाटतं" म्हणत टणाटणा पुढे गेले.
सोमवारी सात.

मिथिलानं सात बघितले, खोडले नाहीत.
"एक पोळी करपली म्हणून तवा टाकता का?"
पुन्हा पाट. डाळ अर्धा किलो.

त्याच सुमारास पटवेकरबाई
विरजणाची वाटी परत घेऊन आल्या.
रिकामी देऊ नये, म्हणून तळाशी साखर.
मी ती हातात घेऊन बराच वेळ दारातच.
अकरा महिने मी एकच मागत होते,
माझी वाटी परत द्या, होती तशी.
होती तशी कोण देतं?

परवा तो मुलगा रजेवर होता.
कोथरूडचा कुठलासा जुना दस्त,
कप्पा अर्थातच तळचा.
टेबल धरलं. मग सोडलं.
बसले उकिडवी, टाच उचललेली,
फाईल काढली, धूळ फुंकली,
आणि कुणी थाप मारली नाही तरी उठले.
कटकन आवाज झाला.
रांगेतला माणूस दचकला. "दुखलं का हो?"
नाही म्हटलं. आवाज आहे नुसता.

रात्री वहीत लिहिलं: दोन.
मग खोडून, दीड.